भर उन्हातला काळा चित्रपट

फिल्म न्वार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी गुन्हेपटांचे वर्णन सहसा त्यांच्या अंधारापासून सुरू होते. पावसाने भिजलेली रात्रीची सडक, खिडकीच्या झडपांतून भिंतीवर पडलेल्या तिरप्या सावल्या, अर्धा चेहरा काळोखात ठेवून बोलणारी स्त्री आणि आपल्याच हाताने आपला नाश ओढवून घेणारा पुरुष, एवढी सामग्री जमली की हा चित्रप्रकार सिद्ध झाला असे मानण्याची समीक्षेची सवय आहे. ‘द नेकेड सिटी’ हा १९४८ मधील चित्रपट या वर्णनात नीट बसत नाही, कारण त्याचा बराच मोठा भाग न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात, भर दिवसा, माणसांनी फुललेल्या रस्त्यांवर घडतो. त्यातली रूपवती स्त्री कथा सुरू होता होताच मारली जाते, आणि नायक म्हणावा असा पोलीस अधिकारी हा ठेंगणा, उतारवयाकडे झुकलेला, मिस्कील आयरिश गृहस्थ आहे. तरीही त्याला वगळून न्वारचा इतिहास लिहिता येत नाही, कारण गुन्ह्याची गोष्ट स्टुडिओच्या भिंतींतून काढून खऱ्या शहरात नेण्याचा जो प्रयत्न त्या काळी हॉलिवूडमध्ये चालला होता, त्याचे सर्वांत धीट आणि सर्वांत लबाड उदाहरण हेच आहे. ‘लबाड’ हा शब्द इथे निंदेसाठी योजलेला नाही. शहराला उघडे पाहायचे असेल तर पाहणाऱ्याने स्वतः लपले पाहिजे, ही या चित्रपटाच्या घडणीतली मूळ युक्ती त्या एका शब्दात मावते.

‘न्वार’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘काळा’. जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये युद्धकाळात अमेरिकी चित्रपट पोहोचत नव्हते. १९४६ मध्ये ‘द माल्टीज फाल्कन’, ‘डबल इंडेम्निटी’, ‘लॉरा’ हे चित्रपट तिथे पाठोपाठ लागले, तेव्हा त्यांतला कडवट, निराश सूर ओळखून नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांच्यासाठी हे विशेषण वापरले. गालिमार या प्रकाशनसंस्थेने १९४५ पासून काढलेल्या गुन्हेकथांच्या मालेच्या नावातही तोच शब्द होता. खुद्द हॉलिवूडमध्ये त्या वेळी हे नाव कोणाच्या तोंडी नव्हते. तिथल्या हिशेबी मंडळींच्या लेखी हे नुसते गुन्हेपट होते, आणि आपण एका नव्या चित्रप्रकाराला जन्म देत आहोत याची वार्ता त्या दिग्दर्शकांना फार उशिरा, तीही परदेशातून मिळाली.

या चित्रपटांतले शहर मात्र बहुधा खोटे असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि कॅमेऱ्याचे पाय बांधले गेले, कारण यंत्राची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्यावर जाडजूड आवरण घालावे लागे, ध्वनिमुद्रणाचे साहित्य अवजड असे आणि रस्त्यावरचा गोंगाट आवरणे कोणाच्याच हाती नव्हते. त्यामुळे न्यूयॉर्कचे रस्ते कॅलिफोर्नियातील स्टुडिओच्या आवारात लाकूड आणि प्लास्टर यांचे उभारले जात, आणि धावत्या मोटारीतील प्रसंगासाठी स्थिर मोटारीमागे पडदा लावून त्यावर आधीच टिपलेला रस्ता मागून प्रक्षेपित केला जाई. या पद्धतीला पार्श्वप्रक्षेपण म्हणतात. चालक चाक फिरवत असतो आणि मागचा रस्ता त्याच्याशी फारसा संबंध नसल्यासारखा हलत असतो, हे जुने चित्रपट पाहणाऱ्याच्या चांगल्या ओळखीचे आहे. न्वारचा प्रसिद्ध अंधारही काही अंशी या खोट्या शहराची सोय होती, कारण सावलीत बुडालेल्या भिंतीमागे भिंत नाही हे प्रेक्षकाला दिसत नाही.

ही स्थिती पालटवली ती युद्धाने. लाकूड, खिळे, कापड यांची टंचाई असल्याने सरकारने एका चित्रपटाच्या नव्या नेपथ्याच्या साहित्यावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली, आणि निर्मात्यांची नजर नाइलाजाने तयार इमारतींकडे वळली. त्याच वेळी रणांगणावरील छायालेखक हातात धरता येतील असे छोटे कॅमेरे घेऊन फिरत होते आणि त्यांनी टिपलेली थरथरती, दाणेदार दृश्ये वृत्तपटांतून घरोघरच्या माणसांना पाहायला मिळत होती. खरेपणा कसा दिसतो याविषयीची प्रेक्षकांची कल्पनाच त्यामुळे बदलली. ‘मार्च ऑफ टाइम’ या वृत्तपटमालेचा निर्माता लुई द रोशमाँ याने ही दृष्टी कथापटात आणली. त्याने निर्मिलेला आणि हेन्री हॅथवे याने दिग्दर्शित केलेला ‘द हाउस ऑन नाइन्टी सेकंड स्ट्रीट’ १९४५ मध्ये आला आणि खऱ्या जागा, खऱ्या फायलींचा आधार, वर गंभीर आवाजातील निवेदन अशा मिश्रणाचा पायंडा पडला. अनुबोधपटाचे अंग आणि कथापटाचा जीव असलेल्या या प्रकाराला अर्ध-अनुबोधपट म्हणता येईल. इटलीत याच सुमारास रॉबेर्तो रोसेलिनीचा ‘रोम, ओपन सिटी’ उद्ध्वस्त शहराच्या रस्त्यांवर चित्रित झाला होता, आणि १९४६ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये झळकला. त्या चित्रपटामागे गरिबी आणि युद्धाची राख होती, तर हॉलिवूडला हीच गोष्ट सुबत्तेत राहून हौसेने करायची होती, हा फरक लहान नाही.

मार्क हेलिंजर या निर्मात्याला ही हौस उपजत होती, कारण तो मूळचा न्यूयॉर्कचा पत्रकार. ब्रॉडवेवरची माणसे, त्यांची लफडी आणि त्यांचे भंगलेले संसार यांवर रोजचे सदर लिहून त्याने नाव कमावले होते, आणि पुढे हॉलिवूडमध्ये जाऊन ‘द किलर्स’ व ‘ब्रूट फोर्स’ यांसारखे कठोर चित्रपट काढले होते. ‘द नेकेड सिटी’ हे नाव त्याने एका छायाचित्रकाराकडून विकत घेतले. आर्थर फेलिग असे खरे नाव असलेला हा माणूस वीजी या टोपणनावाने ओळखला जाई; आज युक्रेनमध्ये असलेल्या एका गावी १८९९ मध्ये जन्मलेला हा मुलगा दहा वर्षांचा असताना न्यूयॉर्कला आला आणि मोठेपणी रात्रीच्या गुन्ह्यांचा छायाचित्रकार झाला. त्याच्या मोटारीत पोलिसांचे संदेश पकडणारा रेडिओ होता, मागच्या डिकीत टंकलेखनयंत्रापासून सिगारपर्यंत सगळा संसार होता, आणि कित्येकदा तो पोलिसांच्या बरोबरीने, क्वचित त्यांच्याही आधी, प्रेताजवळ पोहोचत असे. फ्लॅशच्या पांढऱ्या फटकाऱ्यात उजळलेली ही छायाचित्रे १९४५ मध्ये ‘नेकेड सिटी’ या पुस्तकात एकत्र आली. वीजी नुसते प्रेत टिपून थांबत नसे. प्रेताभोवती जमलेली गर्दी, तिच्यातले कुतूहल, भीती आणि कधीकधी चक्क हसू हाच त्याच्या चित्रांचा खरा विषय होता. त्या शीर्षकातल्या ‘नेकेड’साठी मराठीत ‘नग्न’ म्हटले तर ते फारच संस्कृत आणि सभ्य होते. ‘उघडेवाघडे’ या शब्दात जी बेपर्वाई आणि जी असहायता आहे ती वीजीच्या शहराला अधिक शोभते.

कथा माल्विन वाल्ड याची. न्यूयॉर्कमधील १९२३ च्या एका न उलगडलेल्या खुनाचा धागा तिच्यात आहे, आणि पोलीस खाते प्रत्यक्षात कसे काम करते याचा वाल्डने तिथे जाऊन अभ्यास केला होता. पटकथेत त्याच्या जोडीला अल्बर्ट माल्ट्झ हा डाव्या विचारांचा कादंबरीकार होता. जीन डेक्स्टर ही तरुण मॉडेल मध्यरात्री आपल्या खोलीत मारली जाते, सकाळी मोलकरणीला तिचा देह न्हाणीघरातील टबात सापडतो, आणि लेफ्टनंट मल्डून व त्याचा तरुण सहकारी हॅलोरन हे तपासाला लागतात. पुढे होते ती मुख्यतः पायपीट. हॅलोरन दुकानामागून दुकान पालथे घालतो, एखादा दागिना कोणी ओळखतो का हे विचारतो, नकार ऐकतो, घाम पुसतो आणि पुढच्या दाराशी जातो. शेरलॉक होम्सच्या परंपरेतला गुप्तहेर आरामखुर्चीत बसून राखेवरून माणूस ओळखत असे. इथे बुद्धीची जागा चिकाटीने आणि एकट्या प्रतिभावंताची जागा खात्याच्या यंत्रणेने घेतली आहे. पुढे कादंबऱ्यांत आणि दूरचित्रवाणीवर अतोनात वाढलेल्या पोलीस-तपासकथेचे हे एक आरंभीचे आणि ठसठशीत रूप होय. याच चित्रपटाचे नाव घेऊन १९५८ ते १९६३ या काळात अमेरिकेत एक मालिकाही चालली.

खरे सांगायचे तर रहस्य म्हणून ही कथा मध्यम प्रतीची आहे. सराईत थापाड्या फ्रँक नाइल्स, चोरीच्या दागिन्यांची टोळी, श्रीमंत घरांत वावरणारा आणि मोहात सापडलेला डॉक्टर, यांची गुंतवळ ९६ मिनिटांत सुटते, आणि ती कशी सुटली हे प्रेक्षक आठवडाभरात विसरूनही जाईल. लक्षात राहते ते या तपासाच्या निमित्ताने दिसलेले शहर: उकाड्याने हैराण झालेली पोरे रस्त्यावरच्या नळाखाली नाचताना, भुयारी रेल्वेच्या जिन्यावरची रेटारेटी, खिडकीतून डोकावणाऱ्या बायका, हातगाड्या, पायऱ्यांवर बसून वारा घेणारे म्हातारे. हॉलिवूडमध्ये अशा गर्दीसाठी रोजंदारीवरची माणसे आणून त्यांना चालायला शिकवावे लागे, आणि तरीही ती चालायला सांगितल्यासारखीच चालत.

शहरातील सुमारे १०७ ठिकाणी १९४७ च्या उन्हाळ्यात चित्रण झाले आणि खरी अडचण तिथेच उभी राहिली. कॅमेरा दिसला की माणूस त्याच्याकडे पाहतो, आणि माणूस कॅमेऱ्याकडे पाहू लागला की रस्ता रस्ता राहत नाही. दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन याने यावर काढलेले उपाय एखाद्या पाळत ठेवणाऱ्या खात्याला शोभावेत असे होते. रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारीला आतून पाहता येईल पण बाहेरून आरसाच दिसेल अशी काच बसवून आत छायालेखक लपवला गेला. पदपथावर वर्तमानपत्रांचा खोटा ठेला मांडून त्यात कॅमेरा दडवला गेला. तरीही बघ्यांची गर्दी जमलीच, तर तिला दुसरीकडे खेचण्यासाठी एक कसरतपटू चेंडू उडवण्याचे खेळ करून दाखवत असे, आणि एक माणूस दिव्याच्या खांबावर चढून, अमेरिकेचा झेंडा हलवत, देशभक्तीचे भाषण ठोकत असे. लोक त्या भाषणाकडे वळले की इकडे नट आपला प्रसंग उरकून घेत. आजच्या वाचकाला इथे एक अस्वस्थ करणारा प्रश्न पडू शकतो: पडद्यावर कायमचे उमटलेल्या त्या वाटसरूंना कोणी विचारले होते काय? ते अभिनय करत नाहीत यातच त्यांचे मोल आहे, आणि ते अभिनय करत नाहीत कारण त्यांना काही ठाऊक नाही. वीजीही अंधारात टिपू शकणारी अवरक्त फिल्म वापरून चित्रपटगृहातल्या प्रेक्षकांना त्यांच्या नकळत टिपत असे, हे इथे आठवते.

छायालेखक विल्यम डॅनियल्स याची निवड वरवर पाहता चमत्कारिक होती. मेट्रो-गोल्डविन-मेयर या स्टुडिओत ग्रेटा गार्बोच्या बहुतेक चित्रपटांचे छायालेखन त्याचे होते, आणि तिचा चेहरा कोणत्या प्रकाशात कसा उजळतो हे त्याच्याइतके कोणाला माहीत नव्हते. पण मूकपटांच्या काळात, १९२३ मध्ये, एरिक फॉन श्ट्रोहाइमच्या ‘ग्रीड’साठी सॅन फ्रान्सिस्कोच्या खऱ्या खोल्यांत आणि डेथ व्हॅलीच्या होरपळणाऱ्या वाळवंटात कॅमेरा चालवणाऱ्या दोघांपैकी तो एक होता. म्हणजे बोलपटांनी बंद केलेला दरवाजा त्याने आधी एकदा उघडा पाहिला होता. ‘द नेकेड सिटी’मध्ये त्याने उन्हाला ऊनच ठेवले आहे; सावल्या आहेत त्या इमारतींच्या, जिन्यांच्या, लोखंडी कठड्यांच्या. छायालेखनाचे ऑस्कर त्याला मिळाले, आणि संकलनाचे पॉल वेदरवॅक्स याला.

प्रतिमा अशी मोकळी झाली तरी आवाज मात्र अजून स्टुडिओतच होता. लपवलेल्या कॅमेऱ्याजवळ ध्वनिग्राहक धरता येत नाही, आणि धरला तरी त्यात नटापेक्षा ट्रामगाड्या अधिक ऐकू येतील. या अडचणीचे उत्तर म्हणून निवेदन आले, आणि ते निवेदन स्वतः निर्मात्याने, हेलिंजरनेच, केले. चित्रपटाच्या आरंभी श्रेयनामावली लिहिलेली दिसत नाही. मॅनहॅटनवरून जाणाऱ्या विमानातून शहर दिसत असते आणि हेलिंजरचा आवाज आपली व आपल्या सहकाऱ्यांची नावे सांगतो. त्यानंतरही तो आवाज हटत नाही. तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसांच्या मनातले बोलतो, पोलिसांना चिडवतो, पळणाऱ्या खुन्याला सल्ले देतो, आणि शेवटी ऐंशी लाखांच्या या शहरात जितकी माणसे तितक्या कथा असून ही त्यांतली एक, असे सांगून निरोप घेतो. हे शेवटचे वाक्य अमेरिकी बोलीत म्हणीसारखे रुळले आहे. काही समीक्षकांना ही बडबड नकोशी वाटते आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही, कारण चित्र जे आपसूक सांगत असते ते आवाज पुन्हा समजावतो. पण हा आवाज एका जुन्या सदरलेखकाचा आहे, हे ध्यानात घेतले की त्याची लकब कळते: रोज सकाळी कोणा अनोळख्याच्या आयुष्यावर चार परिच्छेद लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे वळायचे. चित्रपटाच्या अखेरीस कालच्या वर्तमानपत्राचा कचरा झाडला जातो, तेव्हा तो धंदाही त्यात झाडला जातो असे वाटते.

निवेदन गप्प बसते तिथे चित्रपट उंच जातो. जीनचे आईवडील न्यू जर्सीहून प्रेताची ओळख पटवायला येतात, तो प्रसंग असा आहे. घर सोडून, नाव बदलून, शहराच्या झगमगाटात गेलेल्या मुलीवर आई सारा राग काढत असते. आपण तिचा द्वेष करतो असे ती वारंवार म्हणते, आणि प्रेतावरचे कापड दूर होताच तिचा सारा द्वेष हंबरड्यात वाहून जातो. नंतर हे दोघे पोलिसांबरोबर नदीकाठी बसतात, संध्याकाळ उतरत असते आणि मागे पूल व पाणी दिसत असते. हे पाणी खरे आहे, आणि त्या दुःखाशी त्याला काहीही देणेघेणे नाही. स्टुडिओतल्या पडद्यावर रंगवलेल्या नदीला अशी बेफिकिरी कधीच साधली नसती.

शेवटचा पाठलाग लोअर ईस्ट साइड या भागात घडतो. मॅनहॅटनच्या आग्नेय अंगाचा हा भाग पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांनी, इटालियनांनी आणि इतर गरीब स्थलांतरितांनी गजबजलेला होता. डॅसिन स्वतः रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला, हार्लेममध्ये वाढलेला आणि यिडिश भाषेतील रंगभूमीवर नट म्हणून उमेदवारी केलेला असल्याने ही वस्ती त्याच्या अंगवळणी पडलेली होती. माउथ ऑर्गन वाजवणारा माजी कुस्तीगीर विली गार्झा हा खुनी इथे दडला आहे. तो सापडतो, निसटतो, आणि १९०३ पासून मॅनहॅटनला ब्रुकलिनशी जोडणाऱ्या विल्यम्सबर्ग पुलाकडे धावतो. पुलावरच्या पादचारी मार्गावर शांतपणे चाललास तर लोकांच्या गर्दीत मिसळून जाशील, घाबरू नकोस, असे निवेदक त्याला बजावत असतो. पण एका आंधळ्या माणसाच्या कुत्र्याशी त्याची गाठ पडते, कुत्रा त्याच्यावर झेप घेतो, तो गोळी झाडतो आणि त्या आवाजाने पोलिसांना त्याचा पत्ता लागतो. दोन्ही टोके अडवली गेल्यावर वर जाण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही; लोखंडी मनोऱ्याच्या जिन्यांवरून तो चढत राहतो, शहर खाली खाली जात राहते, आणि जितका तो उंच जातो तितका पडद्यावर लहान होत जातो. न्वारमधला माणूस एरवी भिंतींनी कोंडला जातो. गार्झाला चहूकडून मोकळे आकाश आहे, आणि तो तिथेच कोंडला गेला आहे.

चित्रपट पडद्यावर येईपर्यंत त्याच्या कर्त्यांच्या भोवतीही जाळे आवळले जात होते. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या देशविरोधी कारवायांच्या चौकशी समितीने ऑक्टोबर १९४७ मध्ये हॉलिवूडमधील साम्यवाद्यांचा शोध सुरू केला. तिच्यापुढे उत्तरे देण्यास नकार देणाऱ्या ‘हॉलिवूड टेन’ या दहा जणांत पटकथाकार माल्ट्झ होता. त्याला पुढे तुरुंगवास झाला आणि स्टुडिओंनी त्याच्यासाठी दारे बंद केली. २१ डिसेंबर १९४७ रोजी हेलिंजर हृदयविकाराने वारला, तेव्हा तो केवळ ४४ वर्षांचा होता. मार्च १९४८ मध्ये प्रेक्षकांना ऐकू आलेला तो गप्पिष्ट आवाज मेलेल्या माणसाचा होता. त्याच्यामागे चित्रपटाची बाजू घेणारे कोणी उरले नाही. शहरातील श्रीमंती आणि दारिद्र्य शेजारी शेजारी मांडणारी दृश्ये कापली गेली, अशी डॅसिनची तक्रार होती, आणि प्रदर्शित झालेला चित्रपट त्याने कधी पुरता आपला मानला नाही. ज्या चित्रपटाच्या नावातच शहर उघडे करण्याची प्रतिज्ञा होती, त्यालाच शेवटी अंगभर कपडे घालून पाठवण्यात आले. तरीही त्या कात्रीतून निसटलेले बरेच काही त्यात आहे, कारण रस्त्यावर टिपलेल्या दृश्याच्या कोपऱ्यात काय काय आले आहे हे कापणाऱ्यालाही पुरते कळत नाही.

डॅसिनने त्यानंतर ‘थीव्ह्ज हायवे’साठी सॅन फ्रान्सिस्कोचा फळबाजार आणि ‘नाइट अँड द सिटी’साठी बॉम्बहल्ल्यांच्या खुणा अंगावर असलेले लंडन पालथे घातले. १९५१ मध्ये चौकशी समितीपुढे साक्ष देणाऱ्यांनी त्याचे नाव घेतले आणि त्याचे अमेरिकेतले काम संपले. काही वर्षे रिकामी गेल्यावर फ्रान्समध्ये अल्प भांडवलात त्याला ‘रिफिफी’ हा चित्रपट मिळाला, आणि १९५५ मध्ये त्यासाठी कान महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिकही मिळाले. पॅरिसचे रस्ते त्याने पायी हिंडून निवडले होते. त्या चित्रपटात जवाहिऱ्याच्या दुकानावरील दरोड्याचा सुमारे अर्ध्या तासाचा भाग आहे. त्यात संवाद नाही, संगीत नाही आणि कोणाचे निवेदनही नाही, फक्त श्वास, पावले आणि छिनीचे दबलेले ठोके ऐकू येतात. चित्रणाच्या दिवशी ऊन पडले तर डॅसिन काम थांबवत असे आणि आभाळ भरून येण्याची वाट पाहत असे.